वांग्यांचं गाऱ्हाणं

"कोळसा नव्हे गं, बायोचार!" सुबोध पेडणेकर म्हणाले.

"ते मिक्सरला जाऊन सांगा." हेमांगीने मिक्सरचं भांडं नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. "चिंचेने घासलं, लिंबाने घासलं, काळं काही जात नाही. काल सोलकढी केली ती करड्या रंगाची झाली. तुमची बहीण विचारते, वहिनी, ह्यात काय घातलंस? काय सांगू तिला?"

"बायोचार सांगायचं. अभिमानाने सांगायचं."

"तिने सोलकढी बेसिनमध्ये ओतली. अभिमान कसला घेऊन बसलात?"

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून सुबोधरावांना दर पावसाळ्यात एखादा नवा ध्यास लागत असे. एका वर्षी त्यांनी गॅलरीत मधमाश्या पाळायला काढल्या, तर त्या माश्या समोरच्या मिठाईच्या दुकानात कायमच्या राहायला गेल्या. ही सगळी विद्या त्यांना मोबाईलवरच्या व्हिडिओंतून मिळे आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहण्याची त्यांना सवय नव्हती. अर्धं कळलं की त्यांना सगळं कळल्यासारखं वाटे, आणि सगळं कळल्यासारखं वाटलं की ते इतरांना शिकवायला निघत.

यंदा बायोचारची पाळी होती. नारळाच्या करवंट्या, सुक्या फांद्या असलं काहीबाही बंद डब्यात, कमी हवेत जाळायचं. जो भुसभुशीत काळा पदार्थ उरतो तो मातीत मिसळायचा. तो पाणी धरून ठेवतो, खत धरून ठेवतो आणि भाजीपाला जोमाने येतो. गोष्ट अगदी खरी होती. तिचं दुर्दैव एवढंच, की ती सुबोधरावांच्या हाती लागली.

प्रकरण घरापुरतं राहिलं असतं तर एका मिक्सरवर निभावलं असतं. पण चारकोपच्या ज्या भूमिका कृपा सोसायटीत पेडणेकर राहत, तिच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी प्रज्योत गावडेने गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवायचा विषय काढला. प्रज्योत हा तरुण, तुकतुकीत आणि सोसायटीच्या भल्यासाठी झोप न येणारा गृहस्थ होता.

"गच्ची नुसती पडून आहे यार," तो म्हणाला. "कावळ्यांशिवाय वर जातं कोण?"

"मी जातो!" सुबोधराव उठून उभे राहिले. "गच्ची मला द्या. दसऱ्यापर्यंत. प्रत्येक घराला ताजी वांगी, ताज्या मिरच्या, टबांत, बायोचारवर वाढवलेल्या. आणि फुकट!"

फुकट हा शब्द कानावर पडताच मागच्या खुर्च्यांवर डुलक्या काढणारे सभासद जागे झाले. बहुतेक बिऱ्हाडं मालवण-कुडाळकडची. वडील गिरणीत घाम गाळून गेलेले, मुलं वातानुकूलित कचेऱ्यांत बसणारी, पण फुकटच्या बाबतीत दोन्ही पिढ्यांचं एकमत होतं. हात भराभर वर गेले.

"ओके," प्रज्योत म्हणाला. "पण दसऱ्याला भाजी दिसली नाही, तर टब खाली आणि टॉवर वर. लिहून घ्या."

खरं तर इथे बसायचं होतं. पण सुबोधराव बसते तर ते सुबोधराव कसले? "भाजी आली नाही," ते छातीवर हात ठेवून गरजले, "तर ह्या सोसायटीच्या कुठल्याही सभेत मी पुन्हा तोंड उघडणार नाही!"

हेमांगीने त्याच क्षणी टॉवरच्या बाजूने हात वर केला.

झालं ते झालं. आता सुबोधरावांची सगळी पुंजी पणाला लागली होती. ऑफिस सुटलं होतं, मुलगी लग्न होऊन दिंडोशीला गेली होती, घरात त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. बोलायला आणि समोरच्यांनी नाइलाजाने ऐकायला सोसायटीची सभा ही एकच जागा त्यांना उरली होती. ती गेली तर माणूस कुढून मरेल, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांनी गच्चीवर तेलाचं जुनं पिंप आणलं आणि करवंट्या पेटवल्या. पहिल्याच दिवशी धुराने दीप्ती सामंतच्या वाळत घातलेल्या चादरींना काळी नक्षी आली. कोळसा झाला तो मिक्सरमधून निघाला आणि तिथून वांगी-मिरच्यांची रोपं लावलेल्या टबांमध्ये गेला. किती घालावा? मातीच्या दहाव्या हिश्शाएवढा पुरे होतो. सुबोधरावांनी अर्धी माती आणि अर्धा कोळसा असा घसघशीत हिशोब केला, कारण चांगली गोष्ट हात राखून करायची नाही हे त्यांचं तत्त्व होतं.

गणपती येऊन गेले आणि रोपं पिवळी पडली. आधी खालची पानं, मग वरची, मग जी पडायची राहिली होती ती. सुबोधरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "सध्या ट्रान्झिशन फेज सुरू आहे. घाबरू नये." खाली प्रज्योतने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

"कावीळ झालीय त्यांना," हेमांगी म्हणाली.

तेव्हा कुठे सुबोधरावांनी त्या व्हिडिओचा दुसरा भाग उघडला. त्यात पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, की कोरडा बायोचार तसाच मातीत घालण्याची घोडचूक कधीही करू नका. तो स्वतःच उपाशी असतो. मातीतलं सगळं सत्त्व आधी तोच ओढून घेतो. म्हणून शेणखताच्या पाण्यात दोन-तीन आठवडे भिजवून तो आधी चार्ज करावा लागतो.

"चार्ज करायचा राहिला," सुबोधराव खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"मग करा की. चार्जर सापडत नाहीये का?"

त्यांनी एका पिंपात शेण, गूळ, बेसन कालवलं, वर हेमांगीने बांगडे धुतलेलं पाणी ओतलं आणि ते सगळं आंबवून टबांमध्ये घातलं. वास जिना उतरत तळमजल्यापर्यंत गेला. माशाच्या वासावर वाढलेल्या सोसायटीने खिडक्या लावून घेतल्या, यावरून काय ते समजा. पण रोपांनी जगण्याची इच्छाच सोडली होती. वांग्याची झाडं उभी होती एवढंच. त्यांच्यावर फूल नव्हतं, फळ नव्हतं आणि दसरा तोंडावर आला होता.

प्रज्योत रोज गच्चीवर जाऊन झाडं पाहत होता आणि शीळ वाजवत खाली येत होता. त्याने ग्रुपवर जाहीर केलं, की पहिल्या तोडणीसाठी विलेपार्ल्याच्या हिरवी गच्ची मंडळाच्या अध्यक्ष सुलक्षणाबाई लेले यांना आमंत्रण दिलं आहे आणि त्यांनी ते स्वीकारलं आहे. सुबोधरावांची फजिती घरच्यांसमोर होण्यापेक्षा पाहुण्यांसमोर व्हावी, अशी त्याची निर्मळ इच्छा होती. ग्रुप लगेच हारतुरे आणि वडापाव यांच्या चर्चेत बुडाला. मग कुणीतरी लिहिलं, की धाकूकाका गाऱ्हाणं घालतीलच.

धाकूकाका घाडी हे सोसायटीचं भूषण होतं. कोकणात कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय होत नाही, आणि देवाला सांगायचं ते खड्या आवाजात, सगळ्यांदेखत. एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणून होकार भरायचा. सोसायटीची लिफ्ट बसली तेव्हा काकांनी असं गाऱ्हाणं घातलं होतं. लिफ्ट तेव्हापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबते, पण त्याचा दोष काकांना कुणी दिला नाही.

दसऱ्याच्या दिवशी उजाडताच सुबोधराव पिशवी घेऊन बाजारात गेले.

"वांगी द्या. देठ लांब असलेली. आणि तजेलदार."

"भरायची की भाजायची?" भाजीवालीने विचारलं.

"बांधायची," सुबोधरावांच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी एकेक वांगं उलटंपालटं करून पारखलं, तेव्हा तिने शेवटी विचारलंच, "पोरगी बघायला आलाव का वांगी घ्यायला?"

गच्चीवर येऊन त्यांनी हिरवा दोरा काढला आणि झाडाझाडाला वांगी बांधायला सुरुवात केली. झाडं इतकी मेलेली होती, की एका वांग्याने एक झाड पार वाकून टबाबाहेर गेलं. मिरचीचं कुठलं आणि वांग्याचं कुठलं, ते ओळखणंही कठीण झालं होतं. दोन वांगी त्यांनी मिरचीलाच बांधली आणि मग घामाघूम होऊन सोडवली.

"काय बांधतंस रे?"

सुबोधराव दचकून वळले. गाऱ्हाण्याची जागा बघायला धाकूकाका वर आले होते आणि पिशवीतल्या वांग्यांकडे बघत होते.

"आधार देतोय, काका."

"बरा, बरा." काकांनी एक वांगं बोटाने हलवून पाहिलं. ते झुललं. "गाऱ्हाण्यात काय सांगाचा ता सगळा सांग हां. देवाक आर्धवट सांगलेला चलना नाय."

"तुम्हाला सगळं ठाऊकच आहे की. नेहमीसारखं घाला."

"सगळा घालतंय," काका म्हणाले आणि नारळ आणायला खाली गेले.

सोसायटी वर आली तेव्हा गच्ची बघून प्रज्योतची शीळ मध्येच तुटली. प्रत्येक झाडाला जांभळी, टपोरी वांगी लटकत होती. एक पान नाही आणि पाच वांगी, अशी ती झाडं होती. पण जमलेल्या माणसांपैकी वांग्याचं झाड नीट पाहिलेलं कुणीच नव्हतं. सुलक्षणाबाई लेल्यांनी तर झाडाकडे पाहिलंच नाही, त्यांनी माईककडे पाहिलं.

"अद्भुत!" त्या म्हणाल्या. "पानांवर शक्ती वाया न घालवता झाडाने सगळं सत्त्व फळाला दिलंय. आमच्या पार्ल्यात असं एकालाही जमलेलं नाही."

"बायोचार," सुबोधराव नम्रपणे म्हणाले आणि मग नम्रता आवरून बोलत सुटले. कर्ब, सच्छिद्रता, सूक्ष्मजीव, पृथ्वीचं तापमान. लोक ऐकत होते. प्रज्योतचा चेहरा उतरला होता. टॉवर गेला, गच्ची राहिली आणि पुढल्या सगळ्या सभा आपल्या, या विचाराने सुबोधरावांना आणखी चार मुद्दे सुचले. सुलक्षणाबाई तोडणीसाठी कात्री उचलणार एवढ्यात धाकूकाका नारळ घेऊन पुढे झाले.

"आदी गाऱ्हाणा."

यजमान म्हणून सुबोधराव काकांच्या शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. सगळ्यांनी पायातल्या चपला काढल्या, मोबाईल खिशात टाकले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा गावच्या, बारा वाटेच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिसाक ही तुझी लेकरा हय गच्चेर जमली हत, त्येंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या ह्या सुबोधान हय कोळसो जाळल्यान..."

"बायोचार," सुबोधराव डोळे न उघडता कुजबुजले.

"...बायोचाराचो कोळसो जाळल्यान, आणि त्या कोळशान सगळ्या झाडांची वाट लावल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शब्द काय आहेत हे ऐकायला गाऱ्हाण्यात कुणी उभं राहत नाही. काकांचा आवाज चढला की आपला चढवायचा, हे लहानपणी गावच्या देवळासमोर घशात बसलेलं असतं. सुबोधराव मनात पुढल्या सभेच्या भाषणाची सुरुवात जुळवत होते.

"आणि चार लोकांत लाज जाव नये म्हणान, आज सकाळी बाजारातली वांगी हाडून, ह्या तुझ्या लेकरान ती झाडांका दोऱ्यान बांधल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज यजमानांचा होता.

तो गच्चीभर घुमला आणि मग सुबोधरावांना ऐकू आला. त्यांनी डोळे उघडले. सगळी सोसायटी त्यांच्याकडे बघत होती. हेमांगीने पदर तोंडात कोंबला होता.

धाकूकाका मात्र कुणाकडे बघत नव्हते. ते देवाशी बोलत होते आणि अगदी कळवळून बोलत होते. "तर ही चूक पदरात घे! पावणी खाली उतरासर त्या दोऱ्याची गाठ सुटाक देव नको, आणि हय जमलेल्या एकाच्याय तोंडातसून सबूद फुटाक देव नको रे म्हाराजा!"

आता काय करायचं? देवासमोर नाही म्हणायची कुणाची छाती होती?

"व्हय म्हाराजा," सोसायटी हसू दाबत म्हणाली.

प्रज्योतला मात्र हसू दाबण्याची गरज वाटली नाही. त्याचा टॉवर परत आला होता. त्याने हात अधिक उंच जोडले, मान मागे टाकली आणि पुढच्या वाक्याची वाट न बघता श्वास भरून ठेवला.

"आणि जो कोण टॉवरवाल्यांकडसून आपल्या घराक फुकटचो एसी लावन घेता, आणि वर सोसायटीच्या भल्याच्या गजाली सांगता, त्या आमच्या प्रज्योताकय बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" प्रज्योत इतरांच्या आधी, एकट्याने ओरडला.

धाकूकाका दिवसभर गेटजवळच्या बाकड्यावर बसून असत. कोणाच्या घरी काय येतं हे त्यांना दिसे, आणि सांगायचं ते देवालाच सांगायचं असा त्यांचा नेम होता. त्यांनी शांतपणे नारळ फोडला.

"किती गोड बोली आहे!" सुलक्षणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला एक वांगी तेवढं कळलं, पण भाव पोचला हो." त्यांनी कात्रीने एक वांगं कापलं, दोऱ्यासकट पर्समध्ये टाकलं आणि वडापाव खाऊन त्या पार्ल्याला गेल्या. तोवर खरोखरच कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्या गेल्यावर मात्र गच्चीवर जो गलका झाला तो कांदळवनापर्यंत ऐकू गेला असेल.

"ही चीटिंग आहे!" प्रज्योत ओरडला. "टब खाली घ्या!"

"एसी कुठला रे तुझा? एक टनाचा का दीड?" दीप्ती सामंतने विचारलं आणि तो घाईघाईने उरलेले वडापाव मोजायला वळला.

सुबोधराव कठड्याला टेकून उभे होते. आता मत घेतील, मग टब जातील, मग आपण उरलेलं आयुष्य सभेत मुक्याने बसायचं. त्यांना खरंच रडू येत होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या जानकीबाईंनी एक वांगं ओढून काढलं, दाबलं आणि हुंगलं.

"मेल्या, वांगी बरी हत. खंयसून घेतलंस?"

"बाजाराच्या कोपऱ्यावरून," सुबोधराव पुटपुटले.

"माका मेली किडकी देता."

मग सगळ्यांनीच वांगी दाबून पाहिली. सगळ्यांचं मत चांगलं पडलं. दीप्तीने ग्रुपवर ठराव शोधला. "प्रत्येक घराला ताजी भाजी, फुकट," तिने वाचलं. "कुठून आणायची ते लिहिलेलं नाही. म्हणजे ठराव पाळला गेलाय."

"अगदी!" मागून कुणीतरी म्हणालं. "गच्ची सुबोधरावांकडेच राहू दे."

"पुढच्या रविवारी भेंडी बांधा हो. वांग्याने वात होतो."

"आणि कोथिंबीर?"

"कोथिंबीर कशी बांधणार?" सुबोधराव कळवळून म्हणाले.

"मग खोचा!"

अशी गच्ची वाचली आणि बोलण्याचा हक्कही वाचला. दर रविवारी सकाळी सुबोधराव पिशवी घेऊन बाजारात जात आणि आणलेली भाजी गच्चीवर बांधत. भाजी सरळ हातात दिलेली सोसायटीला चालत नसे, तोडून घेण्यात मजा असते असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पेन्शनला लागलेली ही गळती पाहून हेमांगी एक शब्द बोलत नसे. फक्त बाजाराच्या यादीत घरचं नारळ-मिरचीही लिहून देई.

थंडी पडली. ते शेणाचं, गुळाचं, बांगड्याचं पाणी पिऊन टबांतला कोळसा एव्हाना चांगला मुरला होता. मेलेल्या झाडांना खालून नवे धुमारे फुटले, पानं हिरवीगार झाली, जांभळी फुलं आली. एका रविवारी दोरा बांधायला वाकलेल्या सुबोधरावांना पानांआड एक वांगं दिसलं. छोटंसं, जरा वाकडं, पण झाडाचंच. त्यांनी ते हळूच ओढून पाहिलं. सुटेना. ते तसेच टबापाशी खाली बसले आणि मग उठून जिन्यात जाऊन इतक्या जोरात ओरडले, की लोक आग लागली असं समजून वर धावले.

"आलं! उगवलं! बायोचारचं पहिलं वांगं!"

लोक भोवती जमले. दीप्तीने देठावरून बोट फिरवलं. "दोरा कुठाय?"

"दोरा नाहीच आहे! हे आपलं आपण आलंय!"

"हो हो," दीप्ती म्हणाली आणि तिने शेजारणीकडे पाहिलं.

धाकूकाकांनी चष्मा पुसून, वाकून, देठाच्या खालून-वरून पाहिलं. "नाय दिसना," ते कौतुकाने म्हणाले. "हात बसलो रे तुझो."

"काका, देवाशपथ सांगतो, खरं आहे!"

"गाऱ्हाण्यात घालू काय?" काकांनी विचारलं, तसे सुबोधराव घाईघाईने नको म्हणाले.

शेवटी त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. तिने पुढे होऊन वांगं पिरगाळून तोडलं, उजेडात धरलं आणि त्यातलं बारीकसं भोक त्यांना दाखवलं.

"किडकं आहे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नीट बघून घेत जा. बाजारवाले फसवतात तुम्हाला."